घरातलं माणूस व्यसनाने गेलं आणि तुम्ही ते उघड सांगू लागलात, असे अनुभव इथे लिहा

डिचोली : माझा दादा 42 व्या वर्षी गेला. बाराव्यापर्यंत आई येणाऱ्याजाणाऱ्याला 'कावीळ झाली होती' सांगत राहिली आणि मी शेजारी बसून मान हलवली. खरं वेगळंच होतं. चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली म्हणून आम्हीच त्याला वरच्या खोलीत ठेवून दारू बंद केली होती. दुसऱ्या रात्री तो चादरीवरून काहीतरी वेचू लागला. मुंग्या, म्हणाला. एकही नव्हती. कुणी म्हणालं, बाधा आहे, घाडीला बोलवा. इस्पितळात नेलं तर गावभर होईल, ही धास्ती. तिसऱ्या दिवशी आकडी आली, ती शेवटची.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर जीव जाऊ शकतो. औषधं आणि बी-1 जीवनसत्त्व देऊन डॉक्टर हे दिवस पार करून देतात. हे मला तो गेल्यावर कळलं. आता संक्रांतीच्या हळदीकुंकवात मी हे सांगते. पहिल्या वर्षी दोघी उठून गेल्या. तिसरी मात्र वाण पदराखाली धरून मागच्या दारी आली: "आमच्या ह्यांचेही सकाळी हात थरथरतात."

तुम्हीही लिहा. नाव नको, गाव पुरे.

पेडणे : मुलगा. 23 वर्षांचा. दारू नव्हे, पावडर. भेटायला आलेल्यांपैकी कुणीही त्याचं नाव घेतलं नाही. आता शाळांमध्ये बोलते तेव्हा आधी त्याचं नाव सांगते, तो खाडीवर गरी टाकून तासन्‌तास कसा बसायचा ते सांगते, मग पावडरीचं. मुलांना भीती घालत नाही. घाबरलेलं पोर लपवतं.

फोंडा : मी स्वतः पिणारा. बाबा गेले तेव्हा मला दारू सोडून चार महिने झाले होते, तरी खांदा देऊ दिला नाही. "बेबदो तो, पडटलो." म्हणजे बेवडा तो, पडेल. आज सहा वर्षं झाली. कुणी पहिल्यांदा दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जायला कचरत असेल तर मी सोबत जातो, दाराशी थांबतो.

म्हापसा : नणंदेच्या मृत्यूनंतर मी वाचायला लागले. पर्वरीच्या 'संगत' संस्थेचा गोव्यातल्या आरोग्य केंद्रांमधला अभ्यास 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांबरोबर जास्तीत जास्त चार बैठका, आणि तेवढ्यानेही बऱ्याच जणांचं पिणं आटोक्यात आलं. बाई पिते म्हटलं की आपल्याकडे तेवढ्या बैठकांपर्यंतही कुणी नेत नाही. नणंदेला आम्ही नेलं नाही.

साखळी : भावाने कालपासून घेतलेली नाही. हात कापतात, घाम सुटलाय. काय करू?

डिचोली : सकाळची वाट बघू नका. आत्ताच न्या, त्याला एकटा सोडू नका. भास किंवा आकडी दिसली तर लगेच 108. किती प्यायचा ते डॉक्टरांना खरं सांगा. मी निघतेय, साखळीच्या बसस्टँडवर भेटा.