प्रतिसाद: १.६१८ आणि टॉवेलवरचं अंडं

सुवर्ण गुणोत्तर (लांबी-रुंदीचं १.६१८ ला १ हे प्रमाण) लावलं की लोगो आपोआप देखणा होतो, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय. अर्धंच पटतं. भूमिती कामाला येते, हे खरं. २०१२ चा ट्विटरचा पक्षी वर्तुळांच्या कमानींतूनच बांधलेला, म्हणून त्याच्या कडा इतक्या सफाईदार. पण १.६१८ हा आकडा बऱ्याचदा लोगो झाल्यावर, गिऱ्हाइकाच्या स्लाइडवर चिकटवला जातो. (मीही चिकटवलाय, खोटं कशाला बोलू?)

मी सोलापूरचा. आमच्याकडे लोगो कागदापेक्षा टॉवेलवर जास्त जातात. एका हॉटेलचा गोल लोगो अक्कलकोट रोडच्या कारखान्यात दिला, नमुना विणून आला तो उभं अंडं! कापडात इंचाला ४० उभे धागे, ३० आडवे. मी ग्राफवर (एक घर म्हणजे एक धागा) दोन्हीकडे ६० घरं भरलेली. म्हणजे रुंदी दीड इंच, उंची दोन. जकार्डवाले (नक्षी विणणाऱ्या मागाचे) मास्तर नुसतं हसले, "उंचीला ४५च घरं घ्या की ओ!" सगळं गुणोत्तर तिथंच होतं.

आणि हो, चौकोनाशेजारी वर्तुळ असेल तर ते किंचित मोठं काढा. नेमक्या त्याच मापाचं बारकं दिसतं. किती मोठं? मी तर प्रिंट भिंतीला लावून दहा पावलं मागं जाऊन बघतो.