पुरात टोलीचा निरोप गावात कसा येणार?

गुरुजी: मंडळी, पावसाळ्याआधी एक काम करून घेऊ. ऑगस्ट २०२० मध्ये गोसीखुर्द धरणाचं पाणी सुटलं अन् वैनगंगा गावात शिरली. आधी लाइट गेली, मग टॉवर. टोलीवरचे, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरचे लोक कसे आहेत, दोन दिवस कळलं नाही. आपला वायरलेस उभारायचा आहे.

टोलीवरचे काका: मी शाळेच्या स्लॅबवर होतो जी. मोबाईल चार्ज होता, रेंज नव्हती. टॉर्च मारून मारून हात दुखले, कोणाले दिसली नाई.

धाकटा, नागपूर: काका, यासाठी लोराच्या डब्या मिळतात. लोरा म्हणजे कमी शक्तीत लांब जाणारा रेडिओ. त्यात मेशटॅस्टिक नावाचं सॉफ्टवेअर टाकायचं. मोबाईल ब्लूटूथनं डबीला जोडला की एक डबी दुसरीला निरोप देते, दुसरी तिसरीला. सिम लागत नाही, नेट लागत नाही. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा रेडिओ पट्टा आपल्याकडे कमी शक्तीच्या यंत्रांना परवान्याविना खुला आहे. अँटेना त्याच पट्ट्याचा घ्या, ४३३ चा स्वस्त दिसला तरी नको. अन् अँटेना लावल्याशिवाय डबी सुरू करू नका, रेडिओ जळू शकतो.

आशाताई: व्हॉइस जातो का? बाळंतीण अडली तर टाइप करत बसू?

धाकटा, नागपूर: नाही ताई. फक्त मजकूर, तोही २०० बाइटच्या आसपास. देवनागरीचं एकेक अक्षर ३ बाइट खातं, काना-मात्रा वेगळी मोजून. म्हणजे साठ-पासष्टच.

आशाताई: मग शब्द आत्ताच ठरवा. ‘बाळंतीण टोली डोंगा पाठवा’. एवढ्यात समजते. साप चावला, पाणी वाढलं, यांचेही असेच लिहून दारामागे चिकटवू.

सरपंचताई: हे फार चांगलं. पण १०८ ला कोण सांगणार?

गुरुजी: तोच मुद्दा आहे. पुराबाहेर, जिथे रेंज राहते तिथे एक डबी अन् एक माणूस पाहिजे. रस्त्यावरच्या उंच गावातल्या पाहुण्यांशी मी बोलतो. मधली डबी पाण्याच्या टाकीवर, पण तडितरक्षकाच्या खाली बांधू.

धाकटा, नागपूर: टाकीवर एनआरएफ५२ चिपची डबी लावा, करंट कमी खाते. झडीत आठ-आठ दिवस ऊन नसते, सोलरवर भरवसा ठेवायचा तर बॅटरी मोठी हवी.

टोलीवरचे काका: रविवारी पाहून घेऊ का?

गुरुजी: पाहू. पण आत्ता पळस निष्पर्ण आहे, निरोप सहज जाईल. मृगानंतर रान दाटलं की परत तपासायचं. तेव्हा अडला तर मध्ये आणखी एक डबी.

टोलीवरचे काका: डबी उंच बांधाले बांबू मी तोडून ठेवतो. वीस फुटी चालते?