टोक कुठाय?
सोनोग्राफीत बघत हाताच्या शिरेत सलाइनची लाइन टाकायला शिकवताना '25 लाइन टाकून झाल्या की निवासी डॉक्टर तयार' असं म्हणतात; हे गणित मला पटत नाही. आकडा भरतो, पण पडद्यावर शिरेच्या आडव्या छेदात दिसणारा पांढरा ठिपका सुईचं टोक आहे की दांडा, हे अनेकांना सांगता येत नाही. तोवर टोक शिरेच्या मागच्या भिंतीतून पार! मी मध्येच थांबवून विचारतो, "टोक कुठाय?" प्रोब (त्वचेवर टेकवायचा सोनोग्राफीचा भाग) किंचित पुढे सरकवून ठिपका गायब करून दाखवला, म्हणजे ते टोकच होतं हे कळलं, तरच पुढे जाऊ देतो.

आणि रक्त आलं म्हणजे झालं असंही नाही. खोल शिरेत आखूड कॅन्युला (शिरेत ठेवायची प्लास्टिकची नळी) घातली की ती रात्रीत निसटते, हात सुजतो (बोलणी मात्र सिस्टरना). म्हणून दुसऱ्या दिवशी लाइन चालू आहे का, याचेही गुण धरतो.