मदत हवी आहे: चांदीचं रोमन नाणं, अस्सल की नक्कल? किंमत कशावर ठरते?

नमस्कार मंडळी,

कोइमतूरला आमचा गलाईचा (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा) धंदा आहे, मूळ गाव विट्याजवळ. मोडीच्या चांदीत आलेलं एक नाणं वडिलांनी मुशीत न टाकता बाजूला काढलं. या भागात रोमन नाण्यांचे साठे सापडलेत, त्यामुळे संशय लगेच आलाच.

वजन ३.५८ ग्रॅम, व्यास १८ मिमी. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेलं, उजवीकडे बघणारं डोकं. मागे आसनावर बसलेली बाई, एका हातात राजदंड, दुसऱ्यात फांदी. तिच्या दोन बाजूंना 'पोंटिफ' आणि 'मॅक्झिम' एवढं लागतं. म्हणजे रोमन सम्राट टायबेरियसचा (इ.स. १४ ते ३७) डिनेरियस, म्हणजे रोमनांचं चांदीचं नाणं, फ्रान्समधल्या ल्योनच्या टांकसाळीतला, इथवर माझी खात्री आहे. बायबलमधल्या 'कैसराचे ते कैसराला' या प्रसंगातलं नाणं हेच असं मानतात, म्हणून परदेशात त्याला भाव चढा मिळतो. एरवी हा प्रकार दुर्मीळ मुळीच नाही. भारतात त्याच्या आधीचा सम्राट ऑगस्टस आणि टायबेरियस यांचेच डिनेरियस सर्वांत जास्त सापडतात.

घोडं अडलंय ते पुढे. त्या काळी भारतातही यांच्या नकला पाडल्या जात, आणि त्यांतली लॅटिन अक्षरं बहुतेक वेळा नुसती रेघोट्या असतात. माझ्या नाण्यावर डोक्यामागची अक्षरं तशीच वाटतात, पण मागची बाजू मात्र स्वच्छ वाचता येते. गालावर छिन्नीचा आडवा घाव आहे. असे घाव भारतात सापडलेल्या बऱ्याच रोमन नाण्यांवर दिसतात म्हणे. त्या घावात आतपर्यंत पांढरंच दिसतं, तेव्हा तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेला नाही. काठाला ओतीव कामाची शिवणही नाही. टंच (चांदीची शुद्धता) आम्ही घरीच काढू शकतो, पण चांगली चांदी नकलेतही असू शकते. शिवाय कसोटीवर घासलं की नाण्याची किंमत गेलीच!

तर जाणकारांनो, अक्षरांचं वळण सोडून अस्सल ओळखायची आणखी काय खूण? घावामुळे भाव किती पडतो? आणि भारतीय नक्कल निघाली तर तिला स्वतंत्र गिऱ्हाईक असतं का?

१९७२च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यानुसार शंभर वर्षांवरची अशी वस्तू आपल्याला देशाबाहेर पाठवता येत नाही, हे माहीत आहे. त्यामुळे तिकडच्या लिलावांतले डॉलरचे आकडे नकोत, इथला भाव सांगा. आणि कृपया 'लिंबाने चकचकीत करून फोटो टाका' असं कुणी सुचवू नका, वडिलांनी ते आधीच सुचवलंय.