भूमितीतला ‘पक्ष’

मुलुंडकरीण: भाचा मराठी माध्यमातून दहावी झाला, आता अकरावी सायन्सला आहे. दहावीच्या गणित भाग २ मध्ये प्रमेयाखाली ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ असा क्रम असतो. साध्य कळलं, पण जे दिलंय त्याला ‘पक्ष’ का म्हणायचं? आणि अकरावीत हे शब्द गेले कुठे?

गिरगावकर: पक्ष म्हणजे बाजू. कोर्टात पक्षकार असतो तसंच. फार खोलात जायला नको.

माटुंग्याचा मास्तर: जायला हवं हो! हे शब्द न्यायशास्त्रातले, म्हणजे कोर्टाच्या नव्हे, आपल्या जुन्या तर्कशास्त्रातले. ‘पर्वतो वह्निमान् धूमात्’ (डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो) या ठरलेल्या उदाहरणात पर्वत हा पक्ष, अग्नी हे साध्य आणि धूर हा हेतू, म्हणजे कारण. म्हणजे ज्याच्याविषयी काही सिद्ध करायचंय तो पक्ष. भूमितीत अर्थ सरकला. ‘चौकोन चक्रीय आहे’ हे अख्खं विधानच पक्ष झालं. म्हणजे डोंगर आणि धूर, पक्ष आणि हेतू, एकाच ओळीत.

अकरावीचं म्हणाल तर भूमिती आहेच: सरळ रेषा, वर्तुळ, शांकव. बारावीत सदिश (व्हेक्टर), रेषा आणि प्रतल. पण सगळी निर्देशकांवर (x, y वर) चालते, म्हणून ‘सिद्ध करा’ची जागा बहुतेक ठिकाणी ‘समीकरण काढा’ने घेतली. त्यात मुंबईत अकरावी सायन्स बहुतेक इंग्रजीतूनच, त्यामुळे मराठी शब्द दहावीतच राहतात.

मुलुंडकरीण: म्हणजे सिद्धता संपलीच की!

माटुंग्याचा मास्तर: तसं नाही. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, हे दहावीत आंतरलिखित कोनाच्या प्रमेयावरून येतं. बारावीत तेच सदिशांनी: केंद्र आरंभबिंदू धरा, व्यासाची टोकं ‘अ’ आणि ‘उणे अ’, वर्तुळावरचा बिंदू ‘प’. (अ − प) आणि (−अ − प) यांचा अदिश गुणाकार (डॉट प्रॉडक्ट) ‘प’च्या लांबीचा वर्ग वजा ‘अ’च्या लांबीचा वर्ग एवढा येतो. दोन्ही त्रिज्याच, म्हणून शून्य; आणि अदिश गुणाकार शून्य म्हणजे काटकोन. दोन ओळींत काम फत्ते! मला खटकतं ते एवढंच, की काय दिलंय ते वेगळं मांडायची सवय पोरं सोडतात आणि थेट आकडेमोडीला भिडतात. इथेही ‘प वर्तुळावर आहे’ हा पक्ष लिहिला नाही, तर शून्य आलं कुठून ते सांगता येत नाही.

गिरगावकर: बरं, मान्य. आता ‘शांकव’चंही सांगून टाका.

माटुंग्याचा मास्तर: शंकूचा तो शांकव. शंकू सपाट कापला की मिळणारे वक्र. त्यातल्या पॅराबोलाला परिभाषेत ‘अन्वस्त’ आणि हायपरबोलाला ‘अपास्त’ म्हणतात. वर्गात मीही पॅराबोलाच म्हणतो.