ईएससी बंद केल्यावर गाडी खरंच जास्त जोरात उचलते का?

गंगापूररोडकर (धागाकर्ता)

माझ्याकडे स्कोडाची ऑक्टाविया आरएस 245 आहे. 2020 साली भारतात ज्या दोनशे आल्या त्यातली एक, सेकंडहँड घेतलेली. 245 पीएस ताकद, 370 न्यूटन-मीटर टॉर्क, आणि हे सगळं फक्त पुढच्या दोन चाकांवर. कॉलेज रोडला चहाला जमलो की दर रविवारी एकच वाद निघतो, ईएससीचं, म्हणजे घसरणारी गाडी सावरणाऱ्या यंत्रणेचं, बटण बंद केलं की पिकअप वाढतो म्हणून. शेवटी मोजूनच पाहिलं.

सिन्नर एमआयडीसीत मित्राच्या कारखान्याच्या आवारात साडेतीनशे मीटरचा सरळ काँक्रीट रस्ता आहे. सुट्टीचा दिवस, गेट बंद, आत आम्ही दोघंच. जीपीएसचं यंत्र लावून ताशी 0 ते 60 किलोमीटरला लागणारा वेळ मोजला. सगळं चालू ठेवून 3.7 सेकंद. सगळं बंद करून पाय थेट तळापर्यंत दाबला तर 4.2. बंदच ठेवून पाय अर्ध्यावर, चाकांनी पकड घेतल्यावर हळूहळू पूर्ण, असं केल्यावर 3.5.

त्या 4.2 वाल्या वेळी काय झालं ते सांगतो. आरपीएमचा काटा सहा हजारांच्या पुढे, आवाज असा की गाडी उडणार, आणि बाहेरची भिंत मात्र सायकलवर बसल्यासारखी सावकाश सरकतेय. स्टिअरिंग हातात डावी-उजवीकडे ओढत होतं. उतरून पाहिलं तर रबराचे दोन काळे पट्टे, मोजून सतरा पावलं.

म्हणजे टायर जळाले आणि वेळही गेला. माझं मत असं की अशी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा, बंद आवारात, स्वतःच्या पायाने अनुभवावं. रस्त्यावर कधीच नाही. पण एकदाही न करता गाडी चालवणं म्हणजे आपल्या हाताखाली काय आहे ते माहीत नसणं.

सातपूर_गॅरेज

दादा, मी विरोधात आहे. वीस वर्षं गाड्या खोलतोय. तुम्ही शिकायला केलं की मिरवायला, ते गाडीला कळत नाही. चाक सुटतं, पकडतं, परत सुटतं, तेव्हा जो दणका बसतो तो इंजिन माउंटिंगवर आणि ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटवर बसतो. तुमच्या गाडीचा क्लच तेलात आहे म्हणून निभावलं. ड्राय क्लचच्या, म्हणजे तेलाशिवाय कोरड्या चालणाऱ्या क्लचच्या, ऑटोमॅटिकवर ब्रेक आणि रेस एकत्र दाबणारी पोरं माझ्याकडे जळका वास घेऊन येतात.

आणि बंद आवारात केलेलं बंद आवारात राहत नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी त्र्यंबक रोडवरून एक गाडी टोचनवर आली होती. मागचा उजवा दरवाजा आत गेलेला, पत्र्यात दुभाजकाचा पिवळा रंग घासून बसलेला. पोरगा वाचला. बटण बंद होतं हे त्यानेच सांगितलं. आधी मोकळ्या मैदानावर तीन-चारदा जमलं होतं, म्हणाला.

गणित_आवडतं

दोघंही दोन गोष्टी एकच समजताय. ट्रॅक्शन कंट्रोल वेगळा, ईएससी वेगळं. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की इंजिनची ताकद कापतो किंवा त्या चाकाला ब्रेक लावतो, तो ट्रॅक्शन कंट्रोल. ईएससी पाहतं की तुम्ही स्टिअरिंग जेवढं वळवलंय तेवढीच गाडी वळतेय का; नसेल तर एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तोंड सरळ करतं. सरळ रेषेतल्या पिकअपशी संबंध पहिल्याचा. जीव वाचवतं दुसरं. बॉश आणि मर्सिडीजने ते 1995 मध्ये एस-क्लासमध्ये आणलं, आणि अमेरिकेत 2012 च्या मॉडेलपासून ते सक्तीचं आहे. बऱ्याच गाड्यांत एकाच बटणावर दोन्ही असतात: थोडं दाबलं की पहिला जातो, धरून ठेवलं की दुसरंही सैल होतं. गोंधळ तिथेच होतो.

आता धागाकर्त्याचे आकडे. टायर सर्वांत जास्त ओढतो तो साधारण 10 ते 15 टक्के घसरत असताना. त्याच्या पुढे गेला की पकड कमी होते, म्हणून पाय तळापर्यंत दाबल्यावर 4.2. पुढच्या चाकांवर 60 टक्के वजन, गुरुत्वमध्य 55 सेंटीमीटर उंच, दोन आसांतलं अंतर 2.7 मीटर आणि घर्षणांक (टायर-रस्त्याच्या पकडीचा आकडा) 1 धरला, तर गाडी उचलताना वजन मागे जातं आणि जास्तीत जास्त 0.5 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा पिकअप, मिळतं. त्या हिशोबाने 60 ला 3.4 सेकंद. तुमचे 3.5 आले. पाय खरंच चांगला आहे, पण त्यात आता फार काही शिल्लक नाही.

मागच्या चाकांवर चालणारी, वजन निम्मं-निम्मं असलेली गाडी याच हिशोबात 0.63 जी देते. पण पावसात घर्षणांक 0.6 वर आला की पुढची 0.32, मागची 0.34. फरक जवळजवळ संपतो. नाशिकमध्ये चार महिने हेच गणित चालतं.

इंदिरानगर_330

गणित बरोबर, पण मागच्या चाकांवर ते कसं वाटतं ते मी सांगतो. माझी बीएमडब्ल्यू 330आय, 258 पीएस. धागाकर्त्याचं चाक सुटलं तर गाडी सरळच राहते, फक्त हळू होते. माझं सुटलं तर शेपूट बाजूला येते, आणि घाबरून पाय एकदम उचलला तर ती उलट्या बाजूला फटकारते. म्हणून "प्रत्येकाने एकदा करावं" हे मला मान्य नाही. गाडीत मधला टप्पा असतो, थोडं घसरू देणारा पण हाताबाहेर जाऊ न देणारा. शिकायचं तर त्यावर, शेजारी जाणकार बसवून.

दिंडोरीची_बागाईतदार

तुमचं सगळं वाचलं. मला जी कळत नाही, रस्ता कळतो. टोमॅटोच्या हंगामात आमचे ट्रॅक्टर शेतातून थेट डांबरावर येतात. चाकांतली चिखलाची ढेकळं वळणावर पडतात, वरून रिमझिम, तो तुकडा साबणासारखा होतो. दुसऱ्या दिवशी वाळून धूळ, तीही घसरतेच. तिथे तुमचा घर्षणांक कोण मोजणार? माझा मुलगा एकवीस वर्षांचा आहे, त्याच्या मोबाईलवर दिवसभर हेच व्हिडिओ चालू असतात. तुम्ही "बंद आवारात" लिहिलंत ते तो वाचणार नाही, "3.5 सेकंद" वाचेल.

गंगापूररोडकर

ताई, तुमचा मुद्दा मनाला लागला. आकडा आधी आणि अट नंतर, अशी मांडणी मी करायला नको होती. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे, हेही लिहायचं राहिलं. इंदिरानगर, "प्रत्येकाने" हा शब्द मागे घेतो, मागच्या चाकांच्या गाडीचा मला अनुभव नाही. गॅरेजवाले काका, झीज होते हे खरं. टायर मी स्वतः पाहिले.

पण एक गोष्ट सोडवत नाही. त्र्यंबक रोडच्या त्या पोराला मैदानावर गाडी सुटल्यावर पाय कसा उचलायचा हे कोणी शेजारी बसून शिकवलं नव्हतं, त्याने फक्त मजा केली होती. ताई, तुमच्या मुलाला माझ्याकडे पाठवा. पुढच्या चाकांची गाडी, ओला काँक्रीट, वेग चाळीसच्या आत. टँकरने पाणी मारून घेईन. पहिला अर्धा तास सगळं चालू ठेवून, नुसतं ब्रेक दाबल्यावर गाडी कुठे थांबते ते पाहायला.

सातपूर_गॅरेज

चाळीसच्या आत आणि ओल्यावर असेल तर गाडीला फारसा त्रास नाही. ओल्यावर चाक सहज सुटतं, दणका बसत नाही. ड्राय क्लचची गाडी मात्र आणू नका. विरोध कायम आहे, तरी मी येतो. टायरची हवा मी तपासेन.

दिंडोरीची_बागाईतदार

पाठवते. पण आधीच्या दिवशी मी स्वतः येऊन जागा बघणार. रस्ता जिथे संपतो तिथून भिंत किती पावलांवर आहे, ते मला मोजायचंय.