मदत हवी आहे : आठव्या एडवर्डचा हा क्राऊन खरा पॅटर्न (नमुना नाणं) की नंतरची नक्कल?

नमस्कार मंडळी. अदलाबदलीत एक जुना डबा हाती आला, त्यात ब्रिटनचा राजा आठवा एडवर्ड याचा क्राऊन, म्हणजे पाच शिलिंगचं नाणं, निघाला. साल १९३६. आधी हात थरथरले, मग शंका आली. डिसेंबर १९३६ मध्ये त्याने गादी सोडली आणि त्याच्यासाठी तयार झालेल्या नमुना नाण्यांवर तर १९३७ साल आहे. ती चलनात आलीच नाहीत. मग माझ्या नाण्यावर १९३६ कसं?

नाण्यावरचा राजाचा चेहरा डावीकडे बघतोय, हे बरोबर वाटतं. आधीचा राजा डावीकडे बघत होता, म्हणून परंपरेनुसार याने उजवीकडे बघायला हवं होतं, पण गृहस्थाला स्वतःची डावी बाजूच आवडायची! वजन मात्र २२ ग्रॅमच भरतं. त्या काळच्या क्राऊनचं २८.२८ ग्रॅम असतं ना? कड गुळगुळीत, दाते नाहीत. पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत, पण भिंगाखाली अक्षरांच्या कडा साबणासारख्या बोथट दिसतात. प्रूफ नाण्याची, म्हणजे खास काळजीने पाडलेल्या चकचकीत नाण्याची, अक्षरं इतकी मऊ असतात का?

मला तर ही हौसेखातर नंतर पाडलेली प्रत वाटते. तुमचं काय मत?

त्याच डब्यात ‘एस्से’ (फ्रेंचमध्ये चाचणी, म्हणजे नमुना नाणं) असा शिक्का असलेलं एक फ्रेंच नाणंही आहे. हा शब्द मूळ साच्यातलाच की कुणी नंतर ठोकलाय, हे कसं ओळखायचं? अक्षरांभोवती धातू किंचित वर आलाय. फोटो खाली टाकतो. पुसलेलं नाही, पुसणारही नाही.